मधातलं सांगा, सर

आमच्या गल्लीतल्या चक्कीवर बातमी आली ती अशी: हेमराज सरांनी एका पोरीच्या अल्बमचं कव्हर भर वर्गात टराटरा फाडलं, पोरीनं अन्नपाणी सोडलं, आणि आता तिच्या गावचे लोक जीप भरून ब्रह्मपुरीला येऊन राहिले आहेत.

यातलं खरं किती ते आधी सांगून टाकते. कव्हर फाडलं नव्हतं. ते लॅपटॉपवर होतं, फाडणार कुठून? पोरगी, म्हणजे निशा मडावी, धानोऱ्याकडच्या आपल्या गावी धान चुरायला, म्हणजे मळणीला, गेली होती आणि तिच्या वर्गातल्या प्रियाच्या सांगण्यानुसार दोन्ही वेळा पोटभर जेवत होती. जीपमधून उतरले ते लग्नाच्या खरेदीला आलेले दुसरेच कोणी. अन्न सोडलं होतं ते सरांनी. त्यांची आणि माझी भिंत एकच आहे, आणि रीता, सरांची बायको, ताटात राहिलेला भात माझ्या कोंबड्यांना आणून टाकते. त्या आठवड्यात माझ्या कोंबड्या चालताना झुलायला लागल्या होत्या.

हेमराज दोनाडकर हा माणूस मुळात बोर्डवाला. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की वडशाच्या मंडळ्यांचे बोर्ड तेच रंगवायचे. जीपला बांधलेला बोर्ड गावोगाव फिरायचा आणि वर भोंगा ओरडायचा. ज्या गुरूकडे ते शिकले त्याचा एकच कायदा होता: धावत्या जीपवरचं अक्षर बांधावर उभ्या माणसाला वाचता आलं पाहिजे. नाही आलं तर गुरू ब्रशच्या दांड्यानं बोटांवर मारायचा. पुढे फ्लेक्स आलं, ब्रश वाळून गेले. सर चाळिशीत कॉम्प्युटर शिकले आणि इथल्या एका कॉलेजात डिझाइनच्या कोर्सला तासिकेवर लागले. दांडा वडशाला राहिला. जीभ सोबत आली.

कॉलेजातले अर्धे कॉम्प्युटर बसलेले असतात, म्हणून रविवारचा वर्ग सरांच्या ओसरीवर भरतो. मी भिंतीच्या अलीकडे लाखोळीची डाळ निवडत बसते. डाळ संपली तरी बसते.

यंदाचं काम असं होतं की, आपल्या ओळखीत कोणी गाणं म्हणत असेल त्याचा अल्बम धरायचा आणि त्याचं कव्हर करायचं. मोबाइलवर गाणी लावली की वर चौकोनात जे चित्र दिसतं ना, ते. आमच्याकडे आता भजनी मंडळापासून वरातीतल्या बँडपर्यंत सगळ्यांचे अल्बम आहेत, तेव्हा कामाला काही तोटा नव्हता.

निशानं घेतला तिच्या आत्याचा, सोमारीबाईंचा, आणि गावच्या बायांचा रेला. रेला म्हणजे गोंड बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून, नाचत नाचत म्हणतात ते गाणं. पोरीचा हात वर्गात सगळ्यांत चांगला, हे सर स्वतः रीताजवळ बोललेले मी ऐकलं आहे. पोरीजवळ बोलले असते तर ही गोष्टच घडली नसती. तर या पोरीनं कव्हरवर काय करावं? गाणाऱ्या सगळ्या बायांचे गोल गोल फोटो. मधात मोहाचं झाड. झाडाखाली वाघ. आणि वरच्या कोपऱ्यात सगळ्यांपेक्षा मोठ्या गोलात गॉगल लावलेले गुलाबभाऊ, कारण रेकॉर्डिंगला स्पीकर आणि माईक त्यांनी दिला होता.

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "हे अल्बमचं कव्हर होय का कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स? खाली शुभेच्छुक लिवाचं राह्यलं पाह्य!"

पोट्टे हसले. बिघडलं ते तिथंच. निशानं लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेली. सरांचा फोन ती उचलेना.

हे प्राचार्य मॅडमच्या कानावर गेलं. मागल्या वर्षीही सरांच्या बोलण्यापायी दोन पोरं कोर्स सोडून गेली होती. मॅडमनी बोलावून घेतलं आणि साखरेत घोळून सांगितलं की, दोन रविवारांनी मी स्वतः तुमच्या वर्गात येऊन कामं पाहणार आहे. त्या दिवशी निशा तिचं कव्हर घेऊन तिथं बसलेली नसली, तर पुढच्या सत्रापासून तुम्ही घरी आराम करा. वर एक युक्तीही दिली. मुलांना आधी चांगलं सांगायचं, मग चूक सांगायची, मग पुन्हा चांगलं सांगायचं.

"वरून गोड, मधात तिखट, खालून गोड," सर घरी येऊन रीताला सांगत होते. "मी मास्तर हाव का हलवाई?"

पण सत्र जाण्याची भीती होती, म्हणून त्यांनी सराव सुरू केला. आणि सरावाला सापडली कोण? मी त्या संध्याकाळी वांग्याची भाजी पाठवली होती. वाटी परत द्यायला ते स्वतः आले, भिंतीपाशी शाळकरी पोरासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, वाटी सुंदर होती. वांगे करपले होते. चमचाही छान होता."

"हेमराजभाऊ, करपलेलं होतं त सगळं संपवलं काऊन?"

"त्याचं मले शिकवलं नाई," ते म्हणाले आणि गेले.

मधल्या रविवारी वर्ग भरला तेव्हा मी डाळ दुप्पट घेऊन बसले. रीतानं आतून पहारा ठेवला होता. सर घसरले की तिनं खोकायचं, असं ठरलं होतं.

पहिला पवन. त्याच्या काकांच्या भजनी मंडळाचं कव्हर. त्यावर जबडा फाडलेला वाघ आणि त्याच्या चारी बाजूंनी जाळ.

सर बराच वेळ पाहत राहिले. "वाघाच्या मिशा छान हायेत," ते म्हणाले. मग गळ्याची शीर फुगली. "पण पवन, भजनात वाघ काऊन?"

"सर, आपला चंद्रपूर जिल्हा हाये ना."

"जिल्हा भजन म्हणून राह्यला का? तुहे काका म्हणून राह्यले ना?"

आतून खोकला.

"जाळ छान हाये," सर दात आवळून म्हणाले. "पेट घेतला आहे चांगला."

मग प्रिया. तिच्या मोहल्ल्यातल्या बायांची हळदीची गाणी. तिनं नेटवरून एक गोरीपान नवरी उचलली होती आणि नवरीच्या मागे बर्फाचे डोंगर. सरांनी गोड शोधायला इतका वेळ लावला की माझी डाळ निवडून झाली.

"बर्फ," ते शेवटी म्हणाले, "पांढरा आहे."

"थँक्यू सर."

"पण बाई, आपल्या इथी लग्नं होतात उन्हाळ्यात. मांडवात कूलर लावा लागते. ही पोरगी बर्फात हळद लावून उभी आहे, हिले निमोनिया नाई होईन?" खोकला. "नाई, रंग छान हाये. हळदीचा. हळद पिवळीच असते."

पोट्टे एकमेकांकडे पाहायला लागले. पवननं हळूच विचारलं, "सर, तब्येत बरी हाये ना तुमची?"

वर्ग सुटताना सरांनी प्रियाला थांबवलं आणि निशाचं विचारलं. दुसऱ्या कोणासाठी विचारावं तसं विचारलं, रुमालानं चष्मा पुसत.

"धान झाल्यावर येतो म्हणते सर. पण कव्हर बदलवत नाई म्हणते. आन् बदलवलं नाई त सरच्या वर्गात कायले येऊ, म्हणते."

म्हणजे येत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी जायचं काढलं. रीता म्हणाली, "एकटे गेले त राह्यलेलं गावही उठून जाईन." मी म्हटलं, मी येते. आता शेजाऱ्याच्या अडचणीला शेजाऱ्यानं जायचं नाही तर कोणी जायचं? शिवाय चक्कीवर खरी बातमी नेणारं कोणीतरी हवंच होतं.

आम्ही तिघं निघालो. आरमोरीवरून गडचिरोली, तिथून धानोऱ्याची बस, मग जीप. सर खिडकीशी बसून वाटेतला प्रत्येक फ्लेक्स मोठ्यानं वाचत होते. "पाहा वहिनी, ज्याचा वाढदिवस त्याच्यापेक्षा केक मोठा. पाहा, सात जणांचे फोटो, अन् दुकानाचं नाव बुडाखाली. अरे, ह्याच्यावरही वाघ! किराणा दुकानात वाघ काय घेते? तेल?" जीप जंगलात शिरली आणि फ्लेक्स संपले तेव्हा कुठे ते गप्प झाले. मग ओठ हलवत पाठांतर करायला लागले. रीता म्हणाली, गोड गोड शब्द जमा करून राह्यले.

गाव लहान. सोमारीबाईंचं अंगण शेणानं लख्ख सारवलेलं. बाईंनी जोहार घातला, खाट टाकली, पाणी दिलं. बाई साठीच्या पुढच्या, काटक, आणि डोळ्यांत माझ्यासारखाच खोडकरपणा. मला पाहताच आवडल्या. निशा खळ्यावरून आली. केसात भुसा, तोंडावर राग नाही की हसू नाही.

सर खाटेवरून उठले. विद्यार्थिनीसमोर उठून उभे राहिलेले मास्तर मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

"अंगण छान हाये," सरांनी सुरुवात केली. "खाटही मजबूत हाये. कोंबडा... कोंबड्याचा रंग चांगला जुळला हाये."

निशानं हात बांधले. "सर, पवननं ग्रुपवर सांगितलं सगळं. गोड राहू द्या. मधातलं सांगा."

सरांनी सवयीनं रीताकडे पाहिलं. रीता पाणी पीत होती. ती खोकली नाही.

"मधातलं असं हाये," सर म्हणाले आणि त्यांच्या अंगात एकदम जीव आला. मोबाइल काढून त्यांनी निशाचं कव्हर यादीत दिसतं तेवढं करून लावलं, बोराएवढं, आणि सोमारीबाईंच्या हातात दिलं. "बाई, यात तुमी कुठी हा?"

बाईंनी मोबाइल दूर धरला, जवळ धरला, आडवा केला. "हा वाघ होय," त्या म्हणाल्या. "हा त मी नाई. बाकी जवसाचे दाणे सांडले हायेत. त्यातली मी कोणती, तू सांग वो निशा."

निशानं पाहिलं. बोट फिरवलं. तिलाही आत्या सापडली नाही. गुलाबभाऊंचा गॉगल तेवढा सापडला.

"मी हे म्हणत होतो," सर म्हणाले. "बांधावरच्या माणसाले दिसलं पाहिजे. आता बांध नाई राह्यला, मोबाइल हाये. पण माणूस तोच. बरं, आता तू सांग. इतक्या जणी टाकल्या कायले?"

हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशी विचारला असता तर आमच्या कमरा वाचल्या असत्या.

"रेल्यात पुढची कोणी नसते सर," निशा म्हणाली. "इकडच्या म्हणतात, तिकडच्या उचलतात. एकट्या आत्याचा फोटो टाकला त बाकीच्या म्हणतीन, मंग तिलेच म्हणू द्या एकटीले. एक जरी सुटली त गाणं तुटते. माहं गाव हाये सर. मले इथी तोंड दाखवा लागते."

"मंग हे वर्गात काऊन नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठी? तुमी त शुभेच्छुक म्हटलं."

सरांनी कान खाजवला. सोमारीबाई माझ्याकडे पाहून हसल्या, मी त्यांच्याकडे पाहून हसले. सर तेवढ्यात अंगणात इकडून तिकडे दोन फेऱ्या मारून आले.

"बरं, एक सांग. फोटोचं सोड. तू सोताच नाचतेस ना त्यात? नाचताना तुले काय दिसते?"

"काय दिसन? कोणाचं तोंड त नाईच दिसत. सगळ्या एका रांगेत. खाली पाहातो आमी. पाय चुकले नाई पाहिजे म्हून..."

आणि थांबली. आपल्याच पायांकडे पाहत राहिली.

आता इथं कोणीही मास्तर बोलला असता. हा तर हेमराज दोनाडकर! मी वाट पाहत होते. पण त्यांनी दोन्ही ओठ आत ओढून धरले होते, तोंड लाल झालं होतं, आणि ते बोलले नाहीत. बरं झालं, कारण निशा तोवर बायांना बोलवायला पळाली होती.

अर्ध्या तासात खळं भरलं. सोनीबाई नावाची एक जाडजूड बाई पाय धुवायला निघाली. "माह्या भेगा येतीन फोटोत," ती म्हणाली.

"अवो, तुह्या भेगा नाई आल्या त तुले वळखन कोण?" सोमारीबाईंनी तिला पदराला धरून रांगेत ओढलं.

कमरेला हात पडले, गाणं उठलं. निशा जमिनीवर आडवी होऊन मोबाइल मातीला टेकवून फोटो काढत होती. रांग एक पाऊल पुढे यायची, एक मागे जायची, आणि दर वेळी सगळ्यांचा डावा पाय सोबतच उचलला जायचा. गाणं झाल्यावर तिनं तो फोटो बोराएवढा करून फिरवला. ही माही जोडवी, हे माहं गोंदण, ही माही वाकडी करंगळी. प्रत्येकीला आपला पाय सापडला. एका पायावर दोघींनी हक्क सांगितला आणि जोरदार भांडण झालं. म्हणजे काम जमलं होतं.

एवढ्यात मोटारसायकलवरून गुलाबभाऊ आले. पांढरी पँट, गॉगल, पायांत चकचकीत बूट. त्यांनी फोटो पाहिला, पुन्हा पाहिला.

"आन् माहा फोटो?"

सरांच्या गळ्याची शीर फुगली. नेमकी तेव्हाच शेवटची जीप भोंगा वाजवायला लागली. रीतानं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना जीपमध्ये घातलं. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. निशा येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

मग तो रविवार. मॅडम वेळेआधी येऊन ओसरीवर खुर्चीत बसल्या. पोट्टे सतरंजीवर. निशाची जागा रिकामी. सर दर मिनिटाला गल्लीच्या तोंडाकडे पाहत होते आणि पवनच्या वाघाबद्दल काहीतरी गोड बोलत होते, काय ते त्यांनाही कळत नसावं. मॅडमनी एकदा घड्याळ पाहिलं. रीतानं आतून चहाची कपबशी उगाच दोनदा आपटली.

तेवढ्यात निशा आली. खांद्याला पिशवी, केसात अजूनही भुसा. बस पंक्चर झाली होती म्हणे. कोणाकडे न पाहता बसली, लॅपटॉप उघडला आणि सरांपुढे सरकवला.

मी डाळ बाजूला ठेवून भिंतीवर चढले, खोटं कशाला बोलू. नुसती माती आणि पायांची रांग. सगळे डावे पाय उचललेले, टाचेखाली उडालेली धूळ, गोंदणं, भेगा, जोडवी. झाड नाही, वाघ नाही, एकही तोंड नाही. खाली बारीक अक्षरात रेल्याचं आणि गावाचं नाव. आणि रांगेच्या शेवटी, त्याच तालात उचललेला, एक चकचकीत काळा बूट.

सरांनी त्या बुटावर बोट ठेवलं.

"हा बूट..." सर म्हणाले.

"गुलाबमामाचा, सर. स्पीकर त्यांचा होता. एक जरी सुटला त गाणं तुटते."

मॅडम वाकून सरांच्या तोंडाकडे पाहत होत्या. आतून रीताचा घसा तयार झाल्याचं मला ऐकू आलं. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा डोळ्यांवर आणला. लॅपटॉप हातभर दूर ठेवून पाहिला.

"नावाचं अक्षर दुप्पट कर," ते म्हणाले. "बांधावरून दिसत नाई."

"आन् बाकी?"

"बाकी काई नाई."

मॅडमनी थोडी वाट पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "सर, शेवटचं चांगलं सांगायचं राहिलं."

"झालं मॅडम," निशाच म्हणाली. "मले समजलं." आणि मान खाली घालून अक्षर मोठं करायला लागली. आधीच्या कव्हराला सरांनी काय काय नावं ठेवली ते सगळ्या वर्गाला पाठ होतं. या एवढ्या कव्हराला एकच खोट निघाली, तीही अक्षराची, हे पोट्ट्यांना मॅडमच्या आधी कळलं. पवननं लगेच हात वर केला. "सर, मंग मी भजनाच्या कव्हरवर वाघाचे नुसते पाय टाकू का?"

या वेळी रीता खोकली नाही. घरात हसत होती.

मॅडम जाताना सरांना म्हणाल्या, पुढच्या सत्राचं वेळापत्रक लवकर द्या. संध्याकाळी रीतानं भाताचं रिकामं पातेलं घासायला काढलेलं मी पाहिलं. माझ्या कोंबड्या उपाशी राहिल्या. सर भिंतीपाशी आले, भाजीची वाटी मागायला. मला काही राहवलं नाही.

"काय हेमराजभाऊ, जन्मभर लोकांच्या फ्लेक्सला नावं ठेवली, आन् आज तो गुलाबचा बूट बरा चालला तुमाले?"

सरांनी वाटी घेतली, आत वांगं आहे का ते पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, आपल्या भागात ज्या कव्हरवर वाघ नाई, त्याच्यावर एक बूट मी सहन करून घेईन."